काटा त्यांचा, गाठ माझी

हलव्याला काटा कसा येतो हे मला आजही सांगता येणार नाही. हे मी विनयाने म्हणत नाही. विनय माझ्या स्वभावात नाही, आमच्या घरात कुणालाही विचारा. कृती मला तोंडपाठ आहे. तीळ किंवा साबुदाणा परातीत घ्यायचा, खाली अगदी मंद आच ठेवायची, चमचाभर साखरेचा पाक सोडायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचे. सुकले की पुन्हा चमचाभर. असं दिवसचे दिवस. आणि मग एका सकाळी त्या दाण्यांना बारीक बारीक काटे फुटलेले असतात. ते कुणी कोरलेले नसतात, कुणी चिकटवलेले नसतात. साखर आपल्या मनाने अशी उभी राहते. लग्न झाल्यापासून मी हे बघत आले आणि दर वर्षी माझं तोंड तितकंच उघडं राहिलं.

हलवा करायच्या माझ्या सासूबाई. संक्रांतीच्या आधीच्या शनिवार-रविवारी कर्वेनगरातल्या एका हॉलमध्ये बायकांची जत्रा भरते. जत्रा म्हणजे पाळणे नव्हेत, ओळीने मांडलेली टेबलं. कुणाची क्रोशाची तोरणं, कुणाच्या वाणाच्या पिशव्या, कुणाची रंगवलेली सुगडं. दारातून शिरलं की डाव्या हाताच्या कोपऱ्यात आमचं टेबल, हलव्याच्या दागिन्यांचं. नव्या सुनेने पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर घालायचा हार, मंगळसूत्र, बाजूबंद, आणि बोरन्हाणाच्या बाळासाठी मुकुट, कमरपट्टा, छोटीशी बासरी. एरवी सासूबाई कुणाच्या आई असतात, कुणाच्या आजी, सोसायटीत 'बी विंगमधल्या त्या जरा फटकळ'. जत्रेचे दोन दिवस मात्र त्या हलवेवाल्या काकू असतात. "काकू, माझ्या पहिल्या संक्रांतीला तुमचाच हार होता, आता लेकीसाठी आलेय," असं म्हणत बायका येतात, आणि ह्या नुसतं "बरं" म्हणतात. पण ते 'बरं' म्हणताना त्यांची मान कशी ताठ होते ते मी मागे बसून पाहिलेलं आहे.

या दागिन्यांची एक गोष्ट लोकांना माहीत नसते. हलव्याच्या दाण्याला सुईने भोक पाडता येत नाही, दाणा फुटतो. म्हणून एकेक दाणा दोऱ्याच्या फासात अडकवायचा आणि गाठ ओढायची. तो फास धरतो काट्यावर. गुळगुळीत दाणा निसटून जातो. काटा ही नुसती शोभा असती तर प्रश्न नव्हता, पण काटा नाही तर दागिनाच नाही. हल्ली पुष्कळ टेबलांवर पुठ्ठ्यावर ग्लू गनने चिकटवलेले दागिने असतात, आणि खोटं कशाला बोलू, दिसतातही झकास. सासूबाई त्यांच्याकडे बघून एवढंच म्हणतात, "बोरन्हाणाचं पोर दागिना तोंडात घालणारच. त्याला गोंद खाऊ घालायचा का?"

तेव्हा आमच्या घरात कामाची वाटणी अशी होती. काटा त्यांचा, गाठ माझी.

गाठ मी शिकले ती एका वाईट वर्षी. मी मूळची अमरावतीची. लग्न होऊन पुण्यात आले आणि त्याच वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, सासरे गेले. वर्षभर घरात सण नव्हता. माझी पहिली संक्रांत त्यातच आली आणि गेली. पण सासूबाईंनी जत्रेच्या ऑर्डरी आधीच घेऊन ठेवल्या होत्या. "सण पाळायचा नाही, पण शब्द पाळायला हवा," असं म्हणून त्यांनी परात चढवली. मी नवी, घर नवं, भेटायला येणारी माणसं येऊन गेलेली, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर. माझ्या हाताला काहीतरी काम असावं म्हणून त्यांनी मला दोरा दिला आणि फास शिकवला. कर्वेनगरच्या, वारज्याच्या, कुठकुठल्या सुनांचे दागिने मी त्या पौषात बांधले. माझ्या गळ्यात काही नव्हतं. पहिल्या संक्रांतीचे दागिने पहिल्याच संक्रांतीला घालायचे असतात. तिळगूळ पुढच्या वर्षी देता येतो, पहिली संक्रांत देता येत नाही. मी ते फार मनाला लावून घेतलं असं नाही, पण भांडण झालं की हटकून ओठांवर यायचं: गावभरच्या सुनांना दागिने, आणि घरच्या सुनेला नुसता दोरा! यावर सासूबाई काही बोलत नसत. अस्सल पुणेकर गप्प बसला म्हणजे वार लागलाय, एवढं मला कळायला लागलं होतं, आणि मग मीही पुढे जात नसे.

मागच्या डिसेंबरात सासूबाई सोसायटीच्या ओल्या जिन्यात घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. बाहेर फक्त बोटांची टोकं, सुजून लाल झालेली. डॉक्टर म्हणाले, हाताने काही उचलायचं नाही, पण बोटं हलवत राहा, नाहीतर आखडतील.

"गरम परातीत हलवली तर चालतील का?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टरांना वाटलं आजी गंमत करताहेत. ते हसले. आजी हसल्या नाहीत.

जत्रेचा नियम साधा आहे. ज्या वर्षी टेबल लागलं नाही, त्या वर्षी ती जागा रांगेतल्या पुढच्या बाईला जाते, आणि एकदा गेलेली जागा आजवर कुणाला परत मिळालेली नाही. नियम करणाऱ्यांत सासूबाईही होत्या, त्यामुळे सवलत मागायची सोयच नव्हती. माझ्या नवऱ्याने सरळ उपाय काढला. "विकतचा हलवा आणू. मशीनचा मिळतो, काटेही असतात त्याला."

"हो का? मग सूनही भाड्याने मिळते का बघ," त्या म्हणाल्या. नवरा पेपर घेऊन गॅलरीत गेला.

मला वाटलं आता त्या काहीतरी तोडगा सांगतील. पण त्यांनी ओट्याखाली ठेवलेल्या पितळी परातीकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "राहू दे यंदा. तसंही किती वर्षं करणार?"

मी घाबरले. खरंच सांगते, घाबरले. या बाईच्या तोंडून 'राहू दे' मी कधी ऐकलेलं नव्हतं. भाजीवाल्याने एक वांगं किडकं दिलं तरी राहू न देता परत नेऊन देणारी ही बाई. तो कोपरा गेला तर वांगं परत करायला जाण्याइतकी रगही त्यांच्यात उरणार नाही, असं मला त्या क्षणी दिसलं.

"मी करते," मी म्हणाले.

"तू?"

"का? माझ्या हाताला काय झालंय?"

"हाताला काही झालेलं नाही. तो एका जागी राहत नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवसापासून उजाडायच्या आधी मी परातीसमोर बसायला लागले. माझं ऑफिसचं काम घरून चालतं, आतल्या खोलीत, दार लावून. त्याआधीचे सकाळचे तास हलव्याचे. पाकात चमचाभर दूध घालून मळी काढायची, पाक गाळायचा, बारीक गॅसवर तवा, तव्यावर परात. सासूबाई शेजारी स्टुलावर, प्लास्टर मांडीवरच्या उशीवर. त्यांना करता येत नव्हतं म्हणून त्या फक्त बोलत होत्या, आणि फक्त बोलणाऱ्या सासूबाई काय चीज आहे हे ज्याला भोगावं लागलं त्यालाच कळेल. "पंखा बंद." "आच मोठी झाली." "तळाला भुगा साठलाय, तो काढ, नाहीतर काटे बोथट होतील." मी बोटं भाजून घेत होते आणि दाणे आपले गोल, पांढरे, तुळतुळीत. एक दाणा चिमटीत धरून त्यांनी उजेडात पाहिला.

"छान. होमिओपॅथीचा दवाखाना काढू आपण."

हवाही आमच्या विरुद्ध होती. काट्याला कोरडी कडक थंडी लागते, आणि पुण्यावर भर पौषात ढग आले होते. सासूबाई रोज गॅलरीतून आभाळ बघून यायच्या आणि तोंड वाकडं करून स्टुलावर बसायच्या. दाणे ओलसर राहायचे, एकमेकांना चिकटायचे. मी एकदा शहाणपणाने इंडक्शनची शेगडी वापरून पाहिली, त्यावर आच नेमकी ठेवता येते म्हणून. साखर पिवळी पडली. त्यांनी शेगडीचा प्लग डाव्या हाताने स्वतः काढला.

शेवटी एका सकाळी माझा भडका उडाला. मी भडकले की माझ्या तोंडात माहेर येतं. "नाही ना येऊन राहिला काटा, आई! काय करू मी आता?"

"आधी ते 'येऊन राहिला' थांबव. यायचा तर येईल. राहायला काय तो पाहुणा आहे?"

मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "तू वाट बघतेस, तिथे चुकतंय. वाट बघणारी बाई पाक जास्त घालते. सुकलं की नाही याची शंका येईल, तेव्हा घालूच नको. बोटं तेवढी थांबवू नकोस."

मी ते ऐकलं. ऐकलं म्हणजे पाळलं. पाक इतका कमी घालायला लागले की घातलाच नाही असं वाटावं. बोटं फिरत राहिली. काय करतेय याचा विचार सुटला, ऑफिसचा सुटला, टेबलाचासुद्धा सुटला. आणि एका रात्रीत ढग गेले. पहाटे उठले तर फरशी पायाला चावत होती. खिडकीची फट बंद करायला गेले तेव्हा बाहेर आभाळ स्वच्छ होतं. "आज तुमच्या अमरावतीची थंडी आहे," स्टुलावर बसता बसता सासूबाई म्हणाल्या. मी परात चढवली.

ते घडलं तेव्हा मी परातीकडेच बघत होते. नजर हलवलेली नव्हती, शपथेवर सांगते. तरी कधी घडलं ते मला दिसलं नाही. बोटांना आधी कळलं. दाणे नेहमी बोटांखालून सरकत, ते आता किंचित अडकायला लागले. मी वाकून पाहिलं. प्रत्येक दाण्याला केसासारखी बारीक टोकं आली होती, सगळ्या बाजूंनी, सारखी. खिडकीतून ऊन परातीत पडलं तेव्हा परातभर काहीतरी लुकलुकायला लागलं. किलोभर साध्या साखरेत हे कुठे होतं इतके दिवस? चहात घालतो तीच साखर. मी देवाचं फार करत नाही, पण त्या क्षणी मला कुणाच्या तरी पाया पडावंसं वाटलं आणि कुणाच्या ते कळेना. बोटं तेवढी फिरत होती, थांबवायची नाहीत म्हणून.

सासूबाई उठल्या. डाव्या हाताने एक दाणा घेतला आणि खालच्या ओठावरून फिरवला. वर्षानुवर्षं गरम परातीत फिरून त्यांची बोटं निबर झाली आहेत, त्यांना काटा कळतो तो ओठाला.

"आलाय," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी काय करावं? तो सगळा पहिला घाणा स्टीलच्या डब्यात भरायला लावला आणि डबा काखेत मारून आपल्या खोलीत नेला. "पहिला घाणा विकायचा नसतो."

"असं कधीपासून? तुम्ही तर दर वर्षी सगळा विकता!"

"माझा पहिला घाणा तू यायच्या कितीतरी आधी होऊन गेला. हा तुझा आहे."

"माझा आहे तर मला द्या. इथे एकेक दाणा मोलाचा आहे, जत्रा तोंडावर आलीय."

"दुसरा कर. आता येतो ना तुला?"

दार लागलं. मी चरफडले. देवापुढे ठेवतील, नाहीतर भिशीच्या मैत्रिणींना वाटतील, असं म्हणून सोडून दिलं. सोडून दिलं म्हणजे दोन दिवस भांडी आपटली. पण थंडी टिकली, माझा हात बसला होता, आणि पुढचे घाणे उतरत गेले. सकाळी हलवा, दिवसा ऑफिस, संध्याकाळी फास. एके दिवशी सासूबाई तक्रार करायला लागल्या की प्लास्टरमध्ये मुंग्या शिरल्यात, आतून चावतात. मी म्हणाले, "सारख्या परातीवर ओणव्या होता, साखर उडत असेल." त्यांनी मान डोलावली. प्लास्टरच्या कडेला काळ्या दोऱ्याचा एक तुकडाही चिकटला होता. तो काढून मी केरात टाकला आणि मीटिंगला पळाले.

जत्रेच्या दिवशी आमचं टेबल लागलं. दर वर्षीपेक्षा माल कमी होता, मोठे हार थोडेच, बाळांचे दागिने जास्त. पण कोपरा तोच आणि खुर्चीत बाई तीच, प्लास्टरवर काळी शाल घेऊन बसलेली. सकाळी अकराच्या सुमारास एक बाई आल्या, जुन्या गिऱ्हाईक, नाक वर करून वस्तू पारखणाऱ्या. त्यांनी बासरी उचलली, चष्मा वर केला.

"काकू, यंदा काटा बारीक दिसतोय."

सासूबाईंनी प्लास्टरचा हात शालीतून बाहेर काढला आणि बंदूक रोखावी तसा माझ्याकडे रोखला.

"यंदा कारागीर बदललाय. हिने केलाय. माझी सून. अमरावतीची आहे."

त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, बासरीकडे पाहिलं. "बारीक आहे, पण काय सारखा आहे हो!" असं म्हणून बासरी आणि मुकुट दोन्ही घेतलं. मी पिशवीत भरून दिलं. सुटे पैसे दोनदा चुकीचे मोजले. पगारवाढीचं पत्र हातात आलं तेव्हाही माझं असं झालं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी टेबल रिकामं झालं. आजूबाजूच्या बायका तोरणं उतरवत होत्या, कुणी खोकी बांधत होतं. मी टेबलावरची चादर घडी करत होते. सासूबाईंनी आपल्या कापडी पिशवीतून तो स्टीलचा डबा काढला.

"वाक जरा."

"काय झालं?"

"आधी वाक. मला हात वर करता येत नाही."

डब्यात मंगळसूत्र होतं. काळ्या दोऱ्यात पांढरा हलवा, माझा पहिला घाणा. मी फास ओळखते. इतकी वर्षं दुसरं काय केलंय? हे फास माझे नव्हते. एक घट्ट, एक सैल, एक दाणा दोनदा बांधलेला, एका ठिकाणी दोरा दातांनी ओढल्यासारखा चुरगळलेला. दुपारी मी आतल्या खोलीत मीटिंगमध्ये असताना, सुजलेल्या बोटांच्या टोकांत दाणा धरून, डाव्या हाताने आणि दातांनी त्यांनी हे बांधलं होतं. एकेका गाठीला किती वेळ लागला असेल, मला विचार करवेना. वाट्या नव्हत्या त्याला. वाट्या बांधायला दोन हात लागतातच.

"आई, हे... आता? पहिली संक्रांत कधीच..."

"दुखवटा होता तेव्हा. राहून गेलं होतं." त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "आणि डॉक्टरच म्हणाले होते ना, बोटं हलवत राहा."

मी वाकले. त्यांनी ते डोक्यावरून घातलं आणि मानेवर नीट बसवलं. संक्रांतीच्या जत्रेत सगळ्याच काळं घालतात, मीही काळाच कुडता घातला होता. त्यावर ते दाणे पांढरेशुभ्र उठून दिसत असणार. मला दिसत नव्हतं, डोळे भरले होते. आजूबाजूच्या बायका खोकी बांधायच्या थांबल्या होत्या. गळ्याभोवती सगळीकडून बारीक बारीक टोकं लागत होती.

"टोचतंय का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो. टोचतंय."

"मग काटा बरोबर जमलाय," त्या म्हणाल्या, आणि मला रिक्षा बघायला पाठवलं.